पाते परदेशी, मूठ देशी

लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तुम्ही शस्त्रांच्या दालनातून फिरला असाल, तर एक गोष्ट तुमच्याही हातून झाली असेल. आपण पाते पाहतो. त्याची लांबी, त्याचा बाक, त्यावर कोरलेली अक्षरे पाहतो. मुठीवर सोन्याचे काम असेल तर क्षणभर तिथे थांबतो आणि पुढे जातो. पाते आणि मूठ जिथे एकमेकांना भेटतात, ती बोटभर जागा मात्र सहसा कोणी पाहत नाही.

या लेखात मला तुम्हाला त्या बोटभर जागेविषयी सांगायचे आहे. सुरी असो, विळा असो वा तलवार, पात्यावर मूठ बसवणे हे ऐकायला किरकोळ काम वाटते. प्रत्यक्षात धार लावण्याइतकेच ते जोखमीचे आहे. बोथट सुरीने भाजी नीट चिरली जात नाही, एवढेच. मुठीतून सुटलेले पाते कुठे जाईल याचा नेम नसतो. ही मूठ घट्ट कशी बसवायची या प्रश्नाला माणसाने निरनिराळ्या काळी जी उत्तरे दिली, त्यांतल्या एका उत्तराचा मराठ्यांच्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे.

अडचण कुठे असते?

आधी अडचण समजून घेऊ. पात्याचा जो निमुळता भाग मुठीत शिरतो त्याला इंग्रजीत टँग म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला शेपूट म्हणू. शेपूट पोलादाचे असते, मूठ लाकडाची, शिंगाची किंवा हाडाची. पोलाद हवेतल्या ओलाव्याने फुगत नाही, लाकूड फुगते. तेही सगळीकडे सारखे नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही, आडव्या दिशेने बरेच.

पावसाळ्यात लाकूड फुगते, पण आत पोलाद असल्यामुळे त्याला आतल्या बाजूला जागा मिळत नाही. तिथले तंतू पोलादावर दाबले जाऊन चेपतात. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसते, पण चेपलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. मध्ये केसाएवढी फट पडते. पुढच्या ओलीत ती भरल्यासारखी वाटते, त्यापुढच्या सुकीत आणखी रुंदावते. हातोडीचा दांडा ढिला झाला की ती रात्रभर पाण्यात ठेवायची, हा आपल्याकडचा जुना उपाय तुम्हाला ठाऊक असेल. सकाळी दांडा घट्ट असतो, आठवड्यात पुन्हा डुलू लागतो, आणि या खेपेला आधीपेक्षा जास्त. कारण हेच.

कोकणातल्या दमट हवेत बनलेली विळी किंवा सुरी टोरांटोच्या किंवा शिकागोच्या हिवाळ्यात का खिळखिळी होते, याचेही उत्तर इथेच आहे. बाहेर बर्फ असला तरी हीटर लावलेल्या घरातली हवा अतिशय कोरडी असते. लाकडाला तो सहा महिन्यांचा उन्हाळाच असतो.

म्हणजे मूठ बसवण्यात खरा प्रश्न असतो तो फटीचा. शेपूट आणि भोक यांचे माप अगदी तंतोतंत जुळवले तरी ते तसेच राहणार नाही. मग त्या फटीचे करायचे काय?

चिकट आणि भुकटी

सर्वांत जुने उत्तर सुरीपेक्षा, किंबहुना धातूपेक्षाही कितीतरी जुने आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे सापडली. त्यांच्या मुठीकडच्या बाजूला झाडाचा डिंक आणि गेरू यांच्या मिश्रणाचे अंश आहेत. गेरू रंगासाठी लावला असेल असे प्रथम वाटते. पण संशोधकांनी तसे मिश्रण स्वतः करून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की नुसता डिंक वाळला की ठिसूळ होतो आणि घाव बसताच तडकतो. त्यात भुकटी मिसळली की तो टिकतो. डिंक चिकटवतो, भुकटी त्याला अंग देते. हे सूत्र लक्षात ठेवा, ते पुढे दोनदा भेटणार आहे.

१९९१ साली आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. ओट्झी या नावाने तो जगाला ठाऊक आहे. त्याच्याजवळ गारगोटीचे पाते असलेली एक छोटी कट्यार होती. तिची मूठ अ‍ॅश या झाडाच्या लाकडाची, आणि पाते जनावराच्या स्नायुतंतूंनी बांधलेले. त्याच्या कुऱ्हाडीचे पाते तांब्याचे होते. ते यू वृक्षाच्या दांड्यात बर्च झाडाच्या डांबराने बसवून वर चामड्याच्या पट्टीने आवळले होते. चिकटवा, आणि त्यावर विश्वास न ठेवता बांधाही, असा तो दुहेरी बंदोबस्त होता.

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान, समांतर कडांची पाती मोठ्या संख्येने मिळाली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही वस्ती. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवून त्यांचा विळा करीत. दगड उरला, लाकूड कुजून गेले. इतिहासात मुठीच्या वाट्याला बहुतेक वेळा हेच येते. पाती उरतात आणि मुठी मातीत जातात, म्हणून पात्यांचा इतिहास लिहिला जातो.

फिरंग

आता मराठ्यांकडे येऊ. सरळ, लांब, परदेशी पात्याच्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत. शब्दच सांगतो की पाते फिरंग्यांचे आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत युरोपातली पाती पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून दख्खनेत येत होती. जर्मनीतले झोलिंगेन हे पाती घडवणारे मोठे गाव होते, आणि इटली व स्पेनमधल्या पात्यांनाही नाव होते. जर्मन पात्याला तर ‘अलेमानी’ असे वेगळे नावच पडले होते.

इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात असलेली, कोल्हापूरच्या महाराजांकडून १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यात त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सला मिळालेली तलवार तुम्ही निदान चित्रात तरी पाहिली असेल. ती कोणाची, तिचे नाव काय, ती परत यावी का, यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे मला तिच्याबद्दल एवढेच सांगायचे आहे की तिचे पाते युरोपातले आहे आणि मूठ हिंदुस्थानातली.

आपल्या लोकांनी पाती घेतली, मुठी घेतल्या नाहीत. असे का? युरोपातली मूठ बोटांना मोकळी जागा देते, खुपसण्याच्या आणि तोलण्याच्या लढाईसाठी ती केलेली असते. आपल्याकडची लढाई घोड्यावरून ओढून कापण्याची. त्यासाठी पंजा आवळून धरणारी मूठ हवी. मागे गादी, म्हणजे मनगटाला टेकणारी थाळी, आणि पुढे बोटांवरून जाणारी परज. परदेशी पाते चालेल, पण हात आपला आहे, तेव्हा मूठ आपलीच हवी.

पण मग अडचण आली मापाची. युरोपात पात्याचे शेपूट लांब ठेवत. ते लाकडी मुठीतून आरपार जाऊन मागच्या गोळ्यावर ठोकून चपटे केले जाई. आपली मूठ लोखंडाची, आतून पोकळ, आणि तिची पोकळी आखूड. म्हणजे आलेले शेपूट कापून आखूड करायचे. पात्याचे खांदे रुंद असले तर मुठीच्या तोंडाशी ते अडत, तेव्हा ते कानशीने घासायचे. पाते अरुंद असले तर उलटी पंचाईत, दोन्हीकडे जागा उरायची. युरोपातल्या कारागिराने कधी पाहिली नसेल अशी मूठ, आणि दख्खनच्या कारागिराने मागवले नसेल अशा मापाचे पाते, यांचे लग्न लावायचे होते.

ते लावले लाखेने. लाख म्हणजे कुसुम, पळस, बोर अशा झाडांवर एका किड्याने सोडलेली राळ. बांगड्या, खेळणी आणि लखोट्याची मोहोर यांमुळे ती घरोघरी माहीत होती. ती वितळवून तिच्यात विटेची बारीक पूड मिसळायची, मुठीच्या पोकळीत भरायची, शेपूट तापवून आत खुपसायचे, आणि पाते मुठीच्या सरळ रेषेत धरून थंड होऊ द्यायचे. पुन्हा तेच, चिकट आणि भुकटी. नुसती लाख काचेसारखी तडकते, विटेची पूड तिला धक्के सोसायला शिकवते.

ही पद्धत वरवर पाहता कच्ची वाटते. ना खिळा, ना मेख. पण तिचे दोन मोठे गुण आहेत. पहिला असा की माप जुळत नसले तरी चालते. पोकळीत उरलेली सगळी जागा लाख भरून काढते, शेपूट वाकडे असो, आखूड असो, झोलिंगेनचे असो की गावच्या लोहाराचे. दुसरा गुण त्याहून मोलाचा. लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सियसला मऊ होते. पाते मोडले किंवा मूठ तिरपी बसली, तर निखाऱ्यावर मूठ धरायची, पाते बाहेर काढायचे आणि नवे घालायचे. पोलादाचे पाणी उतरण्याइतकी उष्णता त्याला लागत नाही. बापाची मूठ आणि मुलाचे पाते, किंवा बापाचे पाते आणि मुलाची मूठ, असे एकाच तलवारीत शंभर वर्षांचे अंतर असू शकते.

जिथे नुसत्या लाखेवर भरवसा ठेवता येत नसे, तिथे जास्तीची तजवीज होती. खांडा आणि फिरंग यांच्या मुठीपासून लोखंडी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांनी पुढे येतात आणि पाते त्यांच्यात धरले जाते. दांडपट्ट्यात तर हे अधिकच स्पष्ट दिसते. तिथे कोपरापर्यंतचा हात लोखंडी आवरणात असतो, मूठ आत आडवी असते, आणि लांब लवचीक पाते त्या आवरणाच्या पुढच्या पट्ट्यांत रिवेट मारून पक्के केलेले असते. सगळा झोक एकाच सांध्यावर येणार हे करणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

तलवारीला नाव मिळते, ती धरणाऱ्याचे पोवाडे होतात, पाते घडवणाऱ्याचा ठसा पात्यावर असतो. मूठ बसवणाऱ्याचा ठसा कुठेही नसतो. लोहार, शिकलगार आणि त्यांच्यासारखे इतर कारागीर ही कामे करीत आले. त्यांच्या हातावर स्वाराचा जीव असे, कारण ऐन गर्दीत मुठीतच फिरलेले पाते म्हणजे रिकामा हात.

उलटा प्रवास

आता याच वाटेने उलट जाऊ. इंग्लंडमधले शेफील्ड हे सुऱ्यांचे गाव. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका कथेत गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डची सुरी खोचलेली दाखवली आहे. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तिथे सुरीवाल्यांची कंपनी स्थापन झाली. आपल्या शिवरायांच्या जन्माच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट.

शेफील्डमध्ये कामाची वाटणी काटेकोर होती. एक जण पाते घडवी, दुसरा धार लावी, तिसरा मूठ बसवी. मुठीसाठी लागणारा माल कुठून येई? हस्तिदंत आफ्रिकेतून आणि आशियातून. म्हशीची शिंगे आपल्याकडून. आणि सांबराची शिंगे, जी दरसाल गळून जंगलात पडतात, तीही हिंदुस्थानातून. सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू ही साहेबाच्या घरातली प्रतिष्ठेची वस्तू होती, आणि आजही जुन्या चाकूंच्या शौकिनांत सांबर हा शब्द जसाच्या तसा चालतो. पुढे भारताने ही निर्यात बंद केली. म्हणजे पाहा, एकेकाळी युरोपचे पाते दख्खनच्या मुठीत बसायला येत होते, नंतर आपल्या जंगलातली मूठ शेफील्डच्या पात्यावर बसायला जाऊ लागली.

अडचणी मात्र त्याच. सांबरशिंग बाहेरून कठीण, आतून भुसभुशीत, आणि कोणतेही दोन तुकडे सारखे नाहीत. म्हशीचे शिंग उष्णतेने वाकते. हस्तिदंत सुकला की चिरतो. आणि जेवणाच्या टेबलावरच्या सुरीची मूठ तिथे कशी बसवत, तर मुठीत भोक पाडायचे, त्यात राळ आणि विटेची पूड भरायची, शेपूट तापवून आत खुपसायचे. लाखेऐवजी पाइन झाडाची राळ, बाकी कृती तीच. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन ठिकाणच्या कारागिरांनी एकाच फटीवर एकच इलाज शोधला होता.

या इलाजाचा दोषही एकच होता. गरम पाण्यात सुरी बुडवली की राळ मऊ होई आणि मूठ हातात येई. म्हणून व्हिक्टोरियन काळातल्या घरकामाच्या पुस्तकांत मोलकरणींना बजावलेले असे की सुरीचे फक्त पाते पाण्यात घालावे, मूठ नव्हे. १९१३ साली शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले. त्याने पात्याची चिंता मिटली, सांध्याची नाही.

दुसरी पद्धत होती शेपूट मुठीएवढेच रुंद ठेवून त्याच्या दोन्ही अंगांना दोन फळ्या लावायची आणि आरपार खिळे ठोकायचे. आज तुमच्या स्वयंपाकघरातली बहुतेक जड सुरी अशीच असते. इथे फट दिसते ती कडेला. फळी आक्रसते, पोलादाची कड बोटाला लागू लागते, फटीत पाणी शिरते, आत गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फळीला आतून ढकलतो आणि एक दिवस ती खिळ्यापाशी तडकते.

जपानी उत्तर

जपानने तलवारीपुरती वेगळी वाट धरली. तिथे फट भरायचीच नाही, ती होऊच द्यायची नाही, असा बाणा. होनोकी नावाच्या मऊ लाकडाचे दोन उभे भाग करायचे, प्रत्येकात शेपटाच्या आकाराची अर्धी खाच कोरायची, भाताच्या खळीने ते जोडायचे, आणि एक बांबूची मेख आरपार घालायची. सगळी तलवार त्या एका मेखेवर. ती काढली की मूठ सुटते आणि शेपटावर कोरलेली घडवणाऱ्याची सही दिसते. शेपटावरचा जुना गंज तिथे कोणी पुसत नाही, कारण वय त्यावरूनच कळते.

साकाई या गावच्या स्वयंपाकाच्या सुऱ्यांची तऱ्हा साधी आहे. होनोकीचीच मूठ, तोंडाशी म्हशीच्या शिंगाचे कडे. आपल्याकडे मुसळाला किंवा काठीला लोखंडी साम घालतात, तसेच हे, मूठ चिरू नये म्हणून. शेपूट तापवून भोकात घालायचे, म्हणजे ते स्वतःपुरती जागा जाळून घेते. मग सुरी पाते खाली करून हातात लोंबती धरायची आणि मुठीच्या वरच्या टोकावर मोगरीने ठोकायचे. दर ठोक्याला पाते खाली न पडता आणखी आत चढते. खोटे वाटत असेल तर आठवा, गावाकडे कुऱ्हाडीचे पाते घट्ट करताना दांड्याचे खालचे टोकच ठोकतात, कुऱ्हाड वर चढत जाते. पात्याला जागचे हलायचे नसते, मूठच त्याच्याकडे सरकते.

कोयता

हे सगळे जुने झाले असे समजू नका. महाराष्ट्रात दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, जालना अशा भागांतून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादम त्यांना उचल देतो ती ‘कोयत्या’मागे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हत्याराच्या नावाने माणसे मोजली जातात. त्या हिशेबात कोयत्याची मूठ कोण पाहणार? पण दिवसभर ऊस तोडणाऱ्या हाताला ती मूठच लागते. ती डुलली की पंजा अधिक आवळावा लागतो, आवळला की फोड येतात, आणि निसटली तर वार स्वतःच्याच पायावर. म्हणून सुतळी, चिंधी, सायकलची ट्यूब, जे मिळेल ते मुठीवर गुंडाळलेले दिसते. ओट्झीच्या स्नायुतंतूंचा हा आजचा वंशज.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण फितुरीसाठी वापरतो. तिच्यातला एक दुसरा अर्थ मला मोलाचा वाटतो. दांडा नसेल तर कुऱ्हाड काहीच करू शकत नाही, हे झाडांनाही ठाऊक होते.

तुमच्या हातातली सुरी

परदेशात लोहाराचे दुकान कोपऱ्यावर नसते, तेव्हा आईने दिलेली सुरी डुलू लागली की ती कपाटाच्या तळाशी जाते. तसे करायची गरज नाही. वर सांगितलेल्या इतिहासातच उपाय आहेत.

मूठ भोकाची असेल तर पाते जाड कापडात गुंडाळून धरा आणि मूठ ओढून काढा. शेपटावरचा गंज खरवडा. खांदा मुठीला नीट टेकत नसेल तर त्याला मेणबत्तीची काजळी धरा, आत घाला, बाहेर काढा. जिथे काळा डाग उमटेल तिथेच अडते आहे, तेवढेच कानशीने घासा. भोक मोठे झाले असेल तर लाकडाची पातळ चीप सरकवा. मग लाख आणि विटेची पूड, किंवा आजच्या काळातले दोन नळ्यांचे इपॉक्सी. त्यातही लाकडाचा बारीक भुसा मिसळला तर ७०,००० वर्षांची परंपरा मोडणार नाही. शेपूट तापवायचे झाले तर पात्याला ओले फडके गुंडाळा, नाहीतर धारेकडचे पाणी उतरेल. दोन फळ्यांची मूठ चिकटवताना शिकंजा इतका आवळू नका की सगळे इपॉक्सी बाहेर येईल. थोडे आत राहू द्या, जोडते ते तेच. आणि अशी सुरी डिशवॉशरमध्ये घालू नका, व्हिक्टोरियन मोलकरणींना दिलेली ताकीद अजून लागू आहे.

इपॉक्सी आणि लाख यांत निवड करायची असेल तर एवढे ध्यानात ठेवा. इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, पण ते उलगडणे जिकिरीचे. लाख कमकुवत, पण ती पुढच्या माणसासाठी दार उघडे ठेवते. आपल्या पूर्वजांनी परक्याचे पाते घेतले ते त्या उघड्या दारातून. त्यांनी ते आपल्या हाताच्या मापाने बसवून घेतले, आणि उद्या बदलावे लागले तर बदलता येईल अशी सोयही ठेवली. इतक्या दूर येऊन राहिलेल्या आपल्याला हा शहाणपणा अगदीच अनोळखी वाटू नये.

इंग्लंडात असाल तर लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आपल्याकडच्या मुठी पाहा आणि शेफील्डच्या केल्हम आयलंड म्युझियममध्ये सुऱ्यांचे कारखाने कसे चालत ते पाहा. दोन्ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. मात्र काचेला नाक लावून त्या बोटभर जागेकडे बघा. मुठीच्या तोंडाशी कुठे कुठे तांबूस-काळ्या लाखेची एक बारीक रेघ अजून दिसते. ज्याने ती भरली त्याचे नाव त्या पाटीवर नसेल.